काजळीखालचा चेहरा

“हा आपला देवदूत नाही,” आप्रासिओन म्हणाला. महिनाभर चुलीपाशी जे कुजबुजले जात होते, त्याला चर्चच्या अंगणात, साऱ्या गावादेखत, अखेर तोंड फुटले.

म्हातारा बिमुर्झा देवदूताच्या प्रतिमेची लाकडी फळी छातीशी धरून उंबऱ्यात उभा होता. “मग कोणाचा?”

“ते तुम्हीच सांगा, काका. आपल्या देवदूताचं तोंड काळं होतं.”

“काजळी होती ती, मेणबत्त्यांची. प्रतिमा साफ करायला राजधानीहून आलेल्या बाईंनी कापसानं पुसली. मी शेजारीच बसलो होतो.”

“म्हणजे आत तुम्ही दोघंच!” गर्दीतून डारिको म्हणाली. गाव हसले.

गवताच्या कोठाराएवढे ते दगडी चर्च आठशे वर्षे कॉकेशसच्या त्या उतारावर उभे होते. हिमलोट आले, खंडणीखोर आले, देव नसल्याचे सांगणारे सरकारही एक आयुष्यभर राहून गेले. प्रत्येकाला चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या बिमुर्झाच्या घराण्याने एकच उत्तर दिले : किल्ली हरवली. त्याच्या आजोबांनी त्या उत्तरापायी दात गमावले होते. गावाने यातून काढलेला निष्कर्ष एवढाच, की या घराण्याला खोटे बोलणे सहज जमते.

“मी शपथ घेतो,” बिमुर्झा म्हणाला.

या देवदूतावर हात ठेवून खोटे बोलणाऱ्याचा वंश खुंटतो, ही त्या खोऱ्यातली एकमेव दंडसंहिता होती.

“कशावर? या नकलेवर?” आप्रासिओन हसला. “नकलेवर कोणीही घेईल.”

“मग वरच्या गावच्या प्रतिमेवर घेतो.”

“आणि घरची भानगड परक्या देवापुढं मांडू? शोभतं का तुम्हाला?”

तर्क निर्दोष होता. संशयाला पुरावा लागत नाही. त्याला रीतसर युक्तिवाद मात्र फार आवडतो.

बिमुर्झाने फळी जागेवर ठेवली, कमरेची लोखंडी किल्ली सोडली आणि आप्रासिओनच्या हातात दिली.

“आधी वर उचल, मग फिरव. जोर करू नकोस, जुनं कुलूप आहे.”

बायकोने संध्याकाळी विचारले, “काही बोलला नाहीत?”

“बोललो की. कुलूप कसं उघडायचं ते सांगितलं.”

शरद ऋतूत डारिकोची गाय नाहीशी झाली. संशय आप्रासिओनच्या पुतण्यावर, बेसोवर आला. बेसोने कानांवर हात ठेवले. मग रिवाजाप्रमाणे गाव अंगणात जमले आणि नव्या किल्लीवाल्याने देवदूताला दाराशी आणले. तीच फळी, तोच उजळ, कोवळा, किंचित त्रासलेला चेहरा.

“ठेव हात,” आप्रासिओन म्हणाला.

बेसोचा हात अर्ध्यावर थांबला.

“नको, काका! त्याला माझ्यापुढून न्या. मीच विकली गाय, खालच्या बाजारात.”

कोणी हसले नाही. पुरुषांनी टोप्या काढल्या, बायकांनी छातीवर क्रूस रेखला. नकलेचे नाव कोणी काढले नाही.

बिमुर्झा कुंपणाबाहेर, उघड्या डोक्याने उभा होता. पांगणारी माणसे नजर चुकवत त्याला दुरूनच वळसा घालून गेली. डारिको तेवढी थांबली.

“गार वारा सुटलाय,” ती म्हणाली. “टोपी घाला की.”

“घालतो,” बिमुर्झा दाराकडे पाहत म्हणाला. “आधी देवदूताला आत जाऊ दे.”