बिडाचे भांडे आणि बेझिलचे व्हायोलिन

मित्रांनो, मी एक जुने बिडाचे भांडे आहे, पण माझ्यात कधी काही शिजले नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरात एल्डन नावाचा कारागीर व्हायोलिने दुरुस्त करतो. त्याच्या लाकडे जाळायच्या शेगडीवर बसून जाळीच्या झाकणातून वाफ सोडायची, हेच माझे काम. शेगडीने हवा कोरडी पडते आणि कोरड्या हवेत व्हायोलिनचे पातळ लाकूड आक्रसते.

वाळूच्या साच्यात माझा जन्म झाला. बावीस हिवाळे मी इमानाने काम केले. मग एका उन्हाळ्यात एल्डन माझ्यातले पाणी काढायला विसरला आणि मी आतून गंजले. त्याने मला लाकडांच्या छपरीत टाकले. शेगडीवर पत्र्याचे तसराळे आले. ते दुपारीच कोरडे व्हायचे.

जानेवारीत बेझिल म्हाताऱ्याचे एकुलते एक व्हायोलिन खुंटी बसवायला आले. शनिवारच्या नाचात त्याला ते वाजवायचे होते. मंगळवारी ते टेबलावर पडल्यापडल्या उभे तडकले. एल्डन डोके धरून बसला. शेजारी राहणारी त्याची थोरली बहीण कोरिन आली.

“बिडाचं भांडं कुठंय?”

“गंजलंय ते.”

“गंजलं की गंजवलंस? आण इकडं.”

तिने मला व्हिनेगरमध्ये भिजवले, तारेच्या ब्रशने घासले, खडखडीत वाळवले आणि जवसाच्या तेलाचा पातळ हात देऊन तापवले. मी पुन्हा शेगडीवर! एल्डनने चीर सरसाने जोडली. हवा ओलसर राहिली तरच ती टिकणार होती. मी जीव तोडून वाफ सोडली. भिंतीवरचा ओलाव्याचा काटा विसावरून चाळिसावर चढला.

गुरुवारी कामाच्या नादात माझे पाणी आटले. एल्डन गार पाणी घेऊन धावला. कोरिनने त्याचा हात धरला.

“तापल्या बिडात गार पाणी? बेझिलला दोन-दोन तडे दाखवायचेत का?”

मला उतरवून निवू दिले, मग कोमट पाणी भरले.

शनिवारी बेझिलने व्हायोलिन उजेडात फिरवून फिरवून पाहिले. “कुठं तडकलं होतं म्हणालास?” असे विचारून त्याने अशी काही गत छेडली, की कोरिनने भावाला ओढून शेगडीभोवती नाचवले.

मित्रांनो, थंडी सरली की बिडाचे भांडे रिकामे करा, पुसा, तेलाचा हात फिरवा. तुमच्या घरातले एखादे भांडे आठवले असेल, तर आत्ताच उठा आणि त्यात पाणी राहिले आहे का ते बघा.