झाकणराव

गल्लीत त्याला सगळे झाकणराव म्हणत आणि त्याला त्याचा रागही येत नसे. रद्दी-बाटल्यांच्या निळ्या डब्यात काय टाकायचं आणि काय नाही, हे त्याला तोंडपाठ. बाटली विसळून टाका, झाकण वेगळं करा, कागद कोरडा हवा, तेलकट पुठ्ठा चालणार नाही. कुणाच्या डब्यात फुटका कप दिसला की स्वारी त्यांच्या दारात हजर. लोक हसत, पण ऐकत.

त्या सकाळी कचऱ्याची गाडी यायच्या आधी त्याची बायको स्वयंपाकघरात बुटांच्या खोक्याला चिकटपट्टी लावत होती. खोक्यात सासऱ्यांचे वापरलेले डायपर होते.

बाकीचा कचरा पारदर्शक पिशवीत घालून फाटकाशी ठेवायचा, असा तिथला नियम. पिशवीतलं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसे. निळ्या डब्याला मात्र झाकण होतं. म्हणून बाबा आजारी पडल्यापासून नवऱ्यानं तिला युक्ती शिकवली होती. खोक्यात भरायचं, पट्टी लावायची आणि वर्तमानपत्रांच्या खाली सारायचं. "चारचौघांत बाबांची शोभा नको," असं तो म्हणे. शोभा कुणाची व्हायची भीती होती, ते तिला चांगलं कळत होतं.

बाबांनाही कळत होतं. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, तासन्‌तास लघवी दाबून धरायची सवय. आता शरीर ऐकेना. खोकी कमी लागावीत म्हणून त्यांनी पाणी पिणंच जवळजवळ सोडलं. उठताना भोवळ येई. असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सून पेला भरून ठेवी, तो तसाच भरलेला राही.

"अहो, बाबा जिवावर उदार झालेत," ती पट्टी लावता लावता म्हणाली. "पाणीच पीत नाहीत. या खोक्यांपायी."

"मी समजावतो त्यांना संध्याकाळी," असं म्हणत त्यानं खोकं उचललं आणि डबा घेऊन बाहेर गेला.

गाडीवरच्या बाईनं डबा उचलला आणि नाकाला पदर लावला. तळाचं एक जुनं खोकं ओलं होऊन फाटलं होतं.

"कागदाच्या डब्यात हे? गाडीभर रद्दी नासली असती. आणि पुढे कचरा निवडताना ही खोकी बायका हातानं उघडतात, माहीत आहे ना तुम्हाला?"

आवाज ऐकून फाटकाफाटकाशी माणसं उभी राहिली. झाकणरावाचा चेहरा उतरला. शेजारच्या मावशी, एकट्याच राहणाऱ्या, आपल्या फाटकाला टेकून उभ्या होत्या. त्याची नजर तिकडे गेली.

"आमचं नाही हे," तो म्हणाला. "मावशींनी टाकलं असेल चुकून. वय झालंय त्यांचं."

सांगताना लाज वाटते, पण सगळ्यांना ते लगेच पटलं. कुणीतरी "चालायचंच" असंही म्हणालं. मावशींनी मान खाली घातली.

पुढच्या खोलीच्या खिडकीत बाबा बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. सुनेचा खांदा धरून ते कसेबसे पायरीपर्यंत आले.

"डबा आमचा आहे," ते गाडीवरच्या बाईला म्हणाले. "आतलं माझं आहे."

"बाबा, आत चला. लोक बघताहेत."

"बघू देत. पाणी तोडलं मी, तरी तुझी खोकी भरतातच. आणि आता दुसऱ्याच्या म्हातारपणावर ढकलतोस? आधी मावशींची माफी माग."

तो वळला, तोच मावशी हळू आवाजात बोलल्या.

"मलाही लागतात रे डायपर. मी पिशवीतच टाकते, सगळी गल्ली बघते. म्हणूनच माझं नाव आलं ना तुझ्या तोंडात?"

धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला झालं. खरंच होतं ते. त्या पिशवीकडे बघून त्यानंच कितीदा नाक मुरडलं होतं. "चुकलो मावशी," एवढं पुटपुटून तो रस्त्यातच उकिडवा बसला आणि एकेक खोकं हातानं रिकामं करू लागला. बायकोनं पारदर्शक पिशवी आणून धरली. पिशवी भरल्यावर त्याचा हात सवयीनं वर्तमानपत्राकडे गेला, वरून पसरायला. तिनं ते काढून घेतलं.

"आता नाही," ती म्हणाली. "यापुढे एकही खोकं मी बांधणार नाही."

पिशवीला गाठ मारून त्यानं ती फाटकाशी ठेवली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

गाडी पुढे निघाली आणि गल्लीत एकदम धांदल उडाली. जिथं गाडी अजून पोहोचायची होती, त्या घरांतली चांगली कर्तीसवरती माणसं आपापले निळे डबे घाईघाईनं आत ओढू लागली. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. त्यांच्या घरांतली म्हातारी माणसं मात्र खिडक्यांमागून हे सगळं पाहत होती.