बनुबाईचं कपाळ
कोल्हारात बाळ कुणाच्याही घरी जन्मो, न्हाऊ घालायला बनुबाईच. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, पायांवर तान्हं घ्यायचं आणि कोमट तेलाचा हात फिरवायचा. न्हाणीत वाफ दाटली, की तिला जगाचा विसर पडायचा. आपणच कुणाच्या तरी पायांवर निजलोय, असं तिला वाटायचं.

शाळेत शिकवणाऱ्या आराधनाची एंजल मात्र न्हाताना रडायचीच नाही. दीड महिन्याची पोर, पण बनुबाईच्या कपाळावरच्या रुपयाएवढ्या कुंकवाकडे टक लावून बघायची. बनुबाई डावीकडे कलली की डोळे डावीकडे, उजवीकडे कलली की उजवीकडे.

"वळखती बरं का मला," बनुबाई फुशारकी मारायची.

"तुम्हाला नाही हो मावशी, कुंकवाला," आराधना हसायची. "एवढ्या बाळाला हातभर अंतरावरचंच दिसतं, तेही धूसर. गडद काही असलं की नजर तिथंच चिकटते. आम्ही ख्रिस्ती, घरात कुणी कुंकू लावत नाही, म्हणून तिला तुमचं नवल."

बनुबाईनं ते थट्टेवारी नेलं खरं, पण मनात कुठंतरी रुतून बसलं.

एंजल दोन महिन्यांची झाली त्या आठवड्यात बनुबाईचे मालक, गहिनीनाथ, जेवता जेवता गेले. हातातला घास हातातच राहिला. भावकीतल्या बायांनी बनुबाईचं कुंकू पुसलं. भांडायला तोंड होतं, अंगात जीव नव्हता. तेराव्यानंतर ती बाहेर पडली, तर माणसांची नजर आधी कपाळावर जायची आणि चटका बसल्यासारखी तिथूनच मागं फिरायची. बाळंतिणींच्या घरून निरोप आले, 'मावशी, आता जरा विश्रांती घ्या.' लोक मोठे मायाळू, नको म्हणायचं असलं की विश्रांती देतात.

तीनेक आठवड्यांनी आराधना दारात उभी. "मावशी, पाणी तापलंय. येताय ना?"

"मी? आन् लोक काय म्हनतील, पोरी?"

"लोकांना न्हाऊ घालायचंय का तुम्हाला?"

लोकांचं निमित्त होतं. बनुबाईला भीती वेगळीच होती. पोरीच्या लेखी आपण म्हणजे एक कुंकू, आणि आता तेच नाही. तिनंही परकी समजून भोकाड पसरलं, तर पुन्हा कुणाच्या लेकराला हात लावायचा नाही, असं मनाशी ठरवून ती निघाली.

न्हाणीत वाफ दाटली. बनुबाईनं एंजलला पायांवर घेतलं. पोरीची नजर सवयीनं वर गेली आणि कपाळभर हळूहळू शोधत फिरली. काहीच सापडेना. खालचा ओठ बाहेर आला. बनुबाईचा हात तेलातच थांबला.

"न्हाई गं माजे बाय," ती कशीबशी म्हणाली, "पुसलं त्ये. म्या हाय की हितं."

आवाज कानी पडला तसा ओठ आत गेला. नजर कपाळावरून उतरली, भुवईशी घुटमळली आणि बनुबाईच्या डोळ्यांत येऊन थांबली. एंजलनं बराच वेळ निरखून पाहिलं. मग ती बोळकं पसरून हसली.

साऱ्या गावाची नजर कपाळाशी अडली होती. त्याखाली बनुबाईचे डोळे आहेत, हे या एवढ्याशा पोरीला दिसलं. बनुबाईला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोकळं रडू आलं आणि रडत रडतच ती पोरीला तेल चोळत राहिली.