चिरेत राहिलेला भुगा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी डाव आहे. वर्तमानपत्रात गुंडाळून मला दाराबाहेरच्या कचऱ्याच्या पिशवीत ठेवलंय. सकाळी गाडी येईल आणि मला घेऊन जाईल. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जाण्याआधी माझ्या हातून काय घडलं, तेवढं मात्र सांगावंसं वाटतं.

एका सुताराने उरलेल्या फळीतून मला कोरलं. आत्याबाईंनी मला विकत घेतलं, तेव्हा त्यांच्या डोक्यात एकही पांढरा केस नव्हता. त्यांनी लग्न केलं नाही. भावाचा संसार हाच त्यांचा संसार. मंद आचेवर त्या शेंगदाणे भाजत आणि मी ते हलवत असे. खमंग वास जिन्यात गेला की वरच्या मजल्यावरचे काका ओरडायचे, "आत्याबाई, मूठभर ठेवा हो, नाहीतर पोटात दुखेल तुमच्या!" ते ऐकून मला फार धन्य वाटे.

मग भावाला लेक झाली. सगळे तिला पिटुकली म्हणत. दीड वर्षाची असताना तिने एक दाणा चघळला आणि तिचं तोंड सुजून गेलं. डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं, "शेंगदाणा हिला चालायचा नाही. कणभरसुद्धा नाही." त्याच दिवशी तिच्या आईने डबे, चाळणी, कढई सगळं काढून टाकलं. मलाही उचललं.

"अगं, त्याला राहू दे," आत्या म्हणाल्या. "हाताला बसलाय माझ्या. मोठ्यांच्या भाजीला वापरेन."

आईने माझ्या दांड्याला लाल दोरा बांधला. "ताई, लाल दोरा म्हणजे पिटुकलीसाठी नाही हं."

सहा वर्षं आत्यांनी ते पाळलं. एक मोह तेवढा सुटला नाही. घरात कुणी नसलं की कधीमधी त्या मलाच घेऊन मूठभर दाणे भाजून खात. मग ओटा पुसत, हात धूत, खिडक्या उघडत. पण माझ्या मानेजवळ एक बारीक चीर पडली होती. दाण्यांचा भुगा तिथे बसे. आत्यांना तो चष्म्यातूनही दिसत नसे. मला ठाऊक होता.

गेल्या सोमवारी पिटुकलीला ताप होता. आई कामावर गेली होती. तांदळाची पेज ढवळताना स्टीलचा डाव तापला आणि आत्यांच्या बोटांना चटका बसला. त्यांनी मला खाली काढलं, तीन पाण्यांनी धुतलं. "एवढ्याने काय होतंय," असं स्वतःशीच पुटपुटल्या. गरम पेजेत माझी चीर फुगली आणि भुगा सुटू लागला. मित्रांनो, मी काय करणार होतो?

"आत्या, जीभ चुरचुरतेय गं."

"गरम आहे राणी, फुंकून खा."

तिसऱ्या घासाला तिचे ओठ सुजले. अंगावर गांधी उठल्या. श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. डॉक्टरीणबाईंनी अशा वेळेसाठी घरात ठेवायला दिलेलं इंजेक्शन आत्यांनी धावत जाऊन आणलं, पण चटका बसलेल्या बोटांनी टोपण निघेना. पिटुकलीनेच ते ओढून काढलं आणि मांडीवर बोट ठेवलं. "इथे. जोरात दाब."

आत्यांनी दाबलं. मग रुग्णवाहिका आली. पोर वाचली.

घरी परतल्यावर आत्यांनी पिटुकलीच्या आईला सगळं सांगितलं, चोरून भाजलेल्या दाण्यांसकट. तिने मला उचलून वर्तमानपत्रात गुंडाळलं. चार शब्द सुनावले असते, तर आत्यांना सोपं गेलं असतं.

आज पिटुकली दवाखान्यातून घरी आली. दार उघडं आहे, मला आतलं ऐकू येतंय. आत्यांनी पेज करून तिच्यापुढे ठेवली. पण चमचा वाजला नाही.

"आई, हे करताना तू होतीस ना?"

हीच पोर आत्यांच्या हातून डोळे मिटून खायची.

"मलाच विचार, बाळा," आत्या हळूच म्हणाल्या. "रोज विचार. मी रागावणार नाही."

"काय काय घातलंयस?"

"तांदूळ, पाणी, मीठ."

"आणि डाव?"

"नवा. स्टीलचा."

"परत सांग."

आत्या परत सांगतायत. चमचा अजून वाजलेला नाही.

मित्रांनो, खाण्याआधी कुणी असं दहादा विचारलं, तर हसू नका. ते नखरे नसतात, जिवाचा प्रश्न असतो. आणि "एवढ्याने काय होतंय" असं कधी म्हणू नका. माझ्या चिरेत काय आहे, ते मला सांगता आलं नाही. तुम्हाला बोलता येतं. वाढण्याआधी सांगा.