बर्फावरून घसरलेली परात

मित्रांनो, मी एक जुनी पितळी परात आहे. पुण्याच्या तांबट आळीत हातोड्याचे ठोके खात मी घडले. वासंतीआजींच्या लग्नात त्यांच्या आईने मला दिले आणि त्यांनी मला जिवापाड जपले. कुणी उसनी मागितली, तर दहा सूचना देऊनच मला हातात देत.

आजी मुलाकडे, शिरीषकडे, न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चला राहायला आल्या, तेव्हा साडीत गुंडाळून मीही आले. पण इथे कणीक यंत्र मळायचे. मी गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे पडून राहिले.

आमचे घर समुद्राजवळच्या टेकडीवर आहे. इथवर बर्फ क्वचितच उतरतो. पण ऑगस्टमधल्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका सकाळी शिरीषची आठ वर्षांची मुलगी मैत्रेयी ओरडत उठली, "आजी, इट्स स्नोइंग! हीप्स! खूप बर्फ!"

शाळेला सुट्टी मिळाली. शेजारची मुले समुद्राच्या लाटांवर खेळायच्या फळ्या घेऊन उतारावर घसरू लागली. मैत्रेयीकडे फळी नव्हती. तिचा पडलेला चेहरा आजींना बघवेना. त्यांनी स्वतः मला पुसून तिच्या हाती दिले. "घे. पण जपून हं, माझ्या आईची आठवण आहे ती."

सुरुवातीला किती मजा आली! शिरीष खाली उभा राहून आम्हाला अडवायचा. आजी साडीवर स्वेटर आणि पायात मुलाचे गमबूट घालून टाळ्या वाजवत होत्या. पण घसरून घसरून बर्फ काचेसारखा गुळगुळीत झाला, आणि मैत्रेयी थेट वरच्या टोकाला जाऊन बसली.

मी सुटले. मी गोल, मला ना आगा ना पीछा; गरागरा फिरत निघाले. शिरीष अडवायला धावला आणि पाय सटकून आपटला. खाली रस्ता होता. त्यावरून एक गाडी घसरत येत होती. ब्रेक दाबूनही ती थांबत नव्हती.

"मैत्रेयी, उडी मार!" शिरीष किंचाळला.

तिने माझे काठ आणखीच घट्ट धरले. "आय कान्ट! आजीची परात!"

वरून आजींचा आवाज कडाडला, "खड्ड्यात गेली ती परात! सोड तिला!"

बोटे सुटली. मैत्रेयी बाजूच्या बर्फात कोलमडली. मी रस्त्यावर गेले आणि चाकाखाली सापडले. माझा काठ टरकन फाटला.

आजी बसूनच उतार घसरत खाली आल्या. मैत्रेयी हुंदके देत होती. "सॉरी आजी... माझ्यामुळे मोडली."

"मोडू दे गं. तुला कुठे लागलं ते सांग."

तिला फक्त कोपराला खरचटले होते. आजींनी तिला इतके घट्ट कवटाळले की माझ्याकडे त्यांचे लक्षही गेले नाही. मला वाईट वाटले का? खरे सांगते, मुळीच नाही.

आता मी मागच्या अंगणात असते. माझ्यात पावसाचे पाणी साठते आणि चिमण्या येऊन अंघोळ करतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जरूर जपा, त्यांना अडगळीत टाकू नका. पण जिवावर बेतले, तर आम्हाला सोडून द्यायचे, हे घरातल्या लहानग्यांना आजच सांगून ठेवा. आम्ही रागावत नाही.