मामांच्या गाडीची किक

संग्रामपूरहून जळगाव जामोदकडे जाताना बुलडाण्याच्या मित्रांनी रस्त्याकडेला मोटारसायकली लावल्या. सगळ्या नव्या, पण घडण जुन्या काळची: गोल दिवा, फुगीर टाकी, तपकिरी सीट. मागे सातपुडा. फोटो तर हवेतच. प्रसेनजितची गाडी सगळ्यांत नवी आणि तोही या मंडळींत नवाच.

तेवढ्यात समोरून खरोखरची जुनी मोटारसायकल फटफटत आली. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन, टाकीचा रंग उडालेला.

"अबे, ओरिजिनल!" अविनाश ओरडला. "काका, थांबा ना! एक फोटो."

प्रसेनजितने गाडी लांबूनच ओळखली होती. इंद्रभानमामा, आईचे सख्खे भाऊ. याच टाकीवर बसवून त्यांनी त्याला हँडल धरायला शिकवले होते. त्याने हेल्मेटची काच खाली ओढली.

तरीही मामांनी ओळखले. "प्रसन्या? तू इकडे कसा?"

"तुह्या ओळखीचे हायेत का बे?" अविनाशने विचारले.

मामांच्या शर्टावर शेणाचे डाग होते, चप्पल तारेने बांधलेली.

"नाही," प्रसेनजित म्हणाला. "त्यांचा काहीतरी गैरसमज झालाय."

मामांनी गाडी स्टँडवर लावली. "हाव, चुकलो साहेब. चष्मा नाही आणला. काढा फोटो."

"काका, जरा बाजूले व्हा. नुसती गाडी पाहिजे."

मामा बाभळीखाली जाऊन उभे राहिले. पोरे आळीपाळीने गाडीवर बसली, उगाच रेस पिळत राहिली. मग गाडी बंद पडली. अविनाशने किका मारल्या, रवीने मारल्या; नुसता पेट्रोलचा वास सुटला.

"म्हातारीनं जीव सोडला वाटते!" रवी हसला.

ऊन चढत होते. मामांनी दुधाकडे पाहिले आणि स्वतः किक मारू लागले. थोड्याच वेळात ते गुडघा धरून खाली बसले.

प्रसेनजितला राहवले नाही. त्याने पेट्रोलचा कॉक बंद केला, इंजिनात साचलेले जादा पेट्रोल उडून जावे म्हणून रेस पूर्ण पिळली, किका मारल्या. इंजिन खोकल्यासारखे झाले, मग धरले. त्याने कॉक उघडला.

"तुले कसं जमलं बे?" अविनाश चकित झाला.

मामाच घाईने म्हणाले, "शौकीन हायेत ना साहेब. शौकीन माणसाले जमते."

प्रसेनजितला मान वर करता येईना. त्याने हेल्मेट काढले.

"हे माह्ये मामा हायेत. सख्खे. त्याहीनंच शिकवलं मले."

कोणी हसले नाही. अविनाश हळूच म्हणाला, "मंग मघाशी काऊन नाही म्हटलं बे?"



"येतो साहेब, दूध नासते," म्हणून मामा निघून गेले.

प्रसेनजित त्यांच्या मागे निघाला. मामांनी वळून न पाहता हाताने पुढे जाण्याची खूण केली. तो पुढे गेला नाही. जुन्या गाडीचा धूर खात, तिच्याच चालीने तो डेअरीपर्यंत गेला.

मामांनी एक कॅन उतरवली आणि उचलून ओट्यावर ठेवली. दुसरीला त्यांनी हात लावला नाही. ते तसेच उभे राहिले, पाठमोरे.

प्रसेनजितने पुढे होऊन ती उचलली.