कमलाकांतरावांचा राखीव शब्द

फोर्टातल्या इंग्रज कंपनीत हेडक्लार्क असलेल्या कमलाकांतरावांनी ‘ॲक्मी’ हा शब्द वीस वर्षं सोवळ्यात ठेवला होता. ॲक्मी म्हणजे कर्तृत्वाचं सर्वोच्च टोक. एका निरोपाच्या भाषणात त्यांनी तो घातला, तेव्हा साहेबाने स्वतः खोडून बजावलं होतं, की असला शब्द माणसाने जन्मात एकदाच वापरावा. झालं! तेव्हापासून ते लायक माणसाची वाट पाहत होते. मुलगा मॅट्रिकला पहिल्या वर्गात आला, तर ‘ठीक’. बायकोचे, राजलक्ष्मीबाईंचे, उकडीचे मोदक ‘बरे’.

“तुमचा तो शब्द तुमच्याबरोबरच सोनापूरच्या स्मशानात जाणार,” बाई म्हणत.

अखेर योग आला. तळमजल्यावरच्या सुमतीताई संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगून परतल्या आणि गिरगावातल्या त्या चाळीने त्यांना मानपत्र द्यायचं ठरवलं. मसुदा अर्थातच कमलाकांतरावांकडे. ‘ताईंचा त्याग म्हणजे ॲक्मी’ एवढं लिहिलं आणि त्यांना भरून आलं.

चाळकमिटीचे सेक्रेटरी मनमोहन भडकले. “बाई मराठी राज्यासाठी जेलात गेल्या, नि मानपत्रात इंग्रजी? कळस म्हणा की!”

“कळस मूर्खपणाचाही होतो, आणि तो तुम्ही आत्ताच गाठलात!”

भांडण सुमतीताईंपुढे गेलं.

“भाऊ, अर्थ काय हो त्याचा?”

“सर्वांत उंच टोक. त्याच्यावर काही नाही. तिथून पुढे नुसता उतार.”

“अगंबाई! मग काढा तो. मुंबई मिळालीय कुठे अजून? मला एवढ्यात कशाला उतरवताय?”

शब्द गेला. त्या जागी ‘स्पृहणीय’ आला; तसले त्यांच्याकडे पोत्याने होते. पण त्या दिवशी कमलाकांतरावांना जेवण गेलं नाही.

मग साठ सालची पहिली मे उजाडली. राज्य झालं, मुंबईसकट झालं. चाळीत कंदील लागले, पेढे वाटले गेले. सुमतीताई जिना चढून वर आल्या, मागोमाग अख्खी चाळ.

“भाऊ, आज म्हणा तुमचा शब्द. आज माझी हरकत नाही.”

कमलाकांतराव उठले. कोटाची बटणं लावली, घसा खाकरला. इतका आनंद त्यांना स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. मनमोहनसुद्धा कान टवकारून उभे होते. शब्द अगदी ओठांवर आला आणि कमलाकांतराव थबकले.

“नको,” ते म्हणाले. “बेळगाव राहिलंय.”

सुमतीताई आधी खळखळून हसल्या, मग त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

“गेला!” राजलक्ष्मीबाईंनी कपाळावर हात मारला. “गेला सोनापुरात!”